आपल्या शाळेची प्रगती कोण मोजतं आणि आधी काय करायचं ते कोण ठरवतं? सोलापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि काही शिक्षकही हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर येतात. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल, तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

१. देशाच्या शिक्षणाचा आढावा दिल्लीत घेतात. त्याचा आमच्या झेडपीच्या शाळेशी काय संबंध?

माहिती तुमच्या शाळेतून वर जाते आणि उद्दिष्टं नि निधी वरून तुमच्या शाळेत येतात, हा संबंध. वर्गातली नोंद मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाते. तिथून ती तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचते. आपल्या जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्या सगळ्यांची बेरीज पुण्या-मुंबईमार्गे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयात जाते.

वरून येणारी मोठी दिशा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून येते. १९६८ आणि १९८६ नंतरचं सध्याचं धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असं कोठारी आयोगाने १९६४–६६ च्या सुमाराला सांगितलं होतं. नव्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला आणि तो आजवर गाठला गेलेला नाही. म्हणून आधी काय करायचं हा प्रश्न इतका महत्त्वाचा होतो. पैसा, शिक्षक आणि वेळ कमी असताना क्रम न ठरवणं म्हणजे मागे पडलेल्या मुलाला आणखी मागे ठेवणं.

२. यूडायस म्हणजे काय? त्यासाठी शाळेत एवढी धावपळ का असते?

यूडायस प्लस ही देशातल्या सगळ्या मान्यताप्राप्त शाळांच्या माहितीची ऑनलाइन नोंद आहे. पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, वीज, रॅम्प असं सगळं त्यात भरतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तुमच्या शाळेचा क्रमांक लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

पटासाठी परंपरेने ३० सप्टेंबर हा दिवस धरला जातो, म्हणून त्या सुमाराला मुख्याध्यापक वैतागलेले दिसतात. २०२२–२३ पासून नुसती संख्या न भरता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद केली जाते. त्यामुळे एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखवणं अवघड झालं आहे. हा बदल आम्हाला मोलाचा वाटतो.

एक मर्यादा लक्षात असू द्या. यूडायस सांगतं की शाळेत ग्रंथालय आहे. त्यातलं पुस्तक मुलाला वाचता येतं का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

३. नॅस, परख, असर, पॅट... एवढ्या चाचण्या कशाला? आणि निकाल एकमेकांशी जुळत का नाहीत?

कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी, वेगवेगळ्या मुलांवर, वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात.

नॅस म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झालं. त्यानंतरचं सर्वेक्षण एनसीईआरटीतल्या 'परख' या केंद्राने ४ डिसेंबर २०२४ रोजी घेतलं. त्यात तिसरी, सहावी आणि नववी असे नव्या धोरणातला एकेक टप्पा संपल्यावर लगेच येणारे वर्ग निवडले. देशभरातल्या ७८१ जिल्ह्यांतले २१ लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. सरकारी, अनुदानित, खाजगी सगळ्या प्रकारच्या शाळा होत्या. तिसरीच्या साधारण ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या.

असर हा 'प्रथम' संस्थेचा अहवाल २००५ पासून निघतो. इथे कार्यकर्ते गावात घरोघरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून तोंडी वाचायला लावतात: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार असतो. मूल शाळेत जात नसलं तरी ते मोजलं जातं, ही त्याची ताकद. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होतं. करोनानंतर गाडी रुळावर येतेय हे खरं. पण तिसरीतल्या चारपैकी तीन मुलांना अजून तो मजकूर वाचता येत नाही, हेही तितकंच खरं.

पॅट ही महाराष्ट्राची नियतकालिक मूल्यांकन चाचणी. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांत ती शाळेतच होते आणि गुणही शाळाच भरते. तुमच्या मुलाचे नाव घेऊन काही सांगू शकेल अशी या चौघांतली ही एकच. म्हणून पालकांनी सगळ्यात जास्त विचारपूस पॅटची करावी, असं आमचं ठाम मत आहे.

४. असरमध्ये सोलापूर शहर येतं का? आणि आमच्या शाळेचा निकाल त्यात कुठे दिसेल?

शहर येत नाही, असर फक्त ग्रामीण भागापुरता आहे. महापालिकेच्या किंवा शहरातल्या खाजगी शाळांबद्दल असरचा आकडा सांगून कुणी वाद घालत असेल, तर तो आकडा तिथे लागू नाही.

शाळेचा निकालही दिसणार नाही. असरमध्ये जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं निवडतात. नॅस आणि परखमध्येही नमुन्याने निवडलेल्या शाळा असतात. या सर्वेक्षणांवरून जिल्ह्याचा किंवा राज्याचा कल कळतो, शाळेचा नाही. शाळेचं चित्र पॅटमध्ये, शिक्षकांच्या नोंदवहीत आणि तुम्ही स्वतः मुलाला वाचायला सांगाल त्यात आहे.

५. मुलगी तिसरीत आहे. तिला नक्की काय यायला हवं?

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. २०२६–२७ पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरी संपताना वाचन, लेखन आणि मूलभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. तिसरीसाठी अपेक्षा अशी: वयाला साजेसा अनोळखी मजकूर मिनिटाला साधारण ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचणं, ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवणं. दुसरीला वाचनाचा वेग ४५ ते ६० शब्द आणि संख्या ९९९ पर्यंत. पहिलीला लहान वाक्यं आणि ९९ पर्यंतच्या संख्या.

घरी तपासायचं असेल तर पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो. वर्तमानपत्रातली बालकांची पुरवणी द्या, नाहीतर एसटीची पाटी, किराणा दुकानातली यादी. वाचून झाल्यावर विचारा, "काय सांगितलंय यात?" उत्तर आलं तर वेगाची फार काळजी करू नका. घड्याळ लावून मुलाला घाबरवणं तर मुळीच नको.

६. प्राधान्य ठरवतं कोण? केंद्र, राज्य की जिल्हा परिषद?

तिघंही, आणि कायद्याने तुम्हीसुद्धा.

शिक्षण हा केंद्र आणि राज्य या दोघांच्या अखत्यारीतला विषय आहे. २०१८ पासून समग्र शिक्षा या एकाच योजनेतून बहुतेक निधी येतो. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. दर वर्षी जिल्हा आपला वार्षिक आराखडा करतो, राज्य ते एकत्र करतं आणि केंद्राचं मंडळ मंजुरी देतं. याशिवाय पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती वर्गखोल्यांसारख्या कामांना पैसे देऊ शकते. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही शाळेची कामं घेता येतात. प्रशिक्षणाची बाजू वेळापूरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, सांभाळते.

कागदावर ही साखळी शाळेपासून सुरू होते. प्रत्यक्षात पुष्कळदा वरून आलेल्या रकान्यांत खालचा माणूस आकडे बसवतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? शाळेने आपली गरज लिहिलीच नाही, तर जिल्ह्याच्या आराखड्यात ती उगवणार नाही. म्हणून पुढची दोन उत्तरं नीट वाचा.

७. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मुख्याध्यापक सर रजिस्टर पाठवतात, आम्ही सही करतो. याहून काही करायचं असतं का?

खूप काही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार ही समिती होते. तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. अध्यक्ष पालकांमधून येतो, मुख्याध्यापक सचिव असतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा करणं हे समितीचं काम आहे. तो तीन वर्षांचा असतो आणि त्याचे वर्षवार भाग पाडतात. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. जानेवारीत कुणी तुमच्यासमोर तयार आराखडा सहीला ठेवला, तर तो कधी, कोणी, कोणत्या बैठकीत केला हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

आराखड्यात काय असतं? पुढच्या वर्षांतला अपेक्षित पट, त्यानुसार लागणारे शिक्षक (पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक), खोल्या आणि साहित्याची गरज, त्यासाठी लागणारा पैसा. विशेष प्रशिक्षण लागणारी मुलंही त्यात येतात.

बैठकीत पहिल्यांदा एकच गोष्ट मागा: इयत्तावार, वाचता न येणाऱ्या मुलांची यादी. टक्केवारी नको, यादी. समजा वर्गात ३० मुलं आहेत आणि सरासरी ६० टक्के आली. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात २० मुलं ८० टक्क्यांवर आणि १० मुलं २० टक्क्यांवर असू शकतात. सरासरी त्या दहांना गिळून टाकते. यादी समोर आली की कुणासाठी काय करायचं याची चर्चा आपोआप सुरू होते. मात्र ही यादी बैठकीतच राहू द्या. फळ्यावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलांची नावं टाकून त्यांना खाली मान घालायला लावणं हा अन्याय आहे.

सरांशी भांडून हे होत नाही, हेही सांगायला हवं. बहुतेक मुख्याध्यापकांना समितीने खरोखर विचारावं असंच वाटतं. त्यांच्या मागे ऑनलाइन माहितीचा ससेमिरा असतो. "सर, यातलं काय आम्ही करू?" असं विचारून बघा.

८. पैसे थोडे आहेत. गावकरी म्हणतात रंगरंगोटी करा, कुणी म्हणतं एलईडी टीव्ही घ्या. आधी काय?

समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिल, खडू, दुरुस्ती वजा जाता हाताशी फार उरत नाही.

मुलींचं चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, गळणारं किंवा धोकादायक छत, उघडी वायर यांना रांगेत उभं करू नये. ते आधी. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या उन्हाळ्यात शाळेत पाणी नसणं म्हणजे मूल दुपारी घरी जाणं.

त्यानंतर आमच्या मते वाचन आणि पायाभूत गणित, बाकी सगळ्याच्या आधी. कारण साधं आहे. चौथीत परिसर अभ्यास, सहावीत विज्ञान, आठवीत इतिहास हे सगळं वाचूनच शिकायचं असतं. तिसरीत राहिलेली उणीव दर वर्षी मोठी होते आणि ती भरायला दर वर्षी जास्त कष्ट लागतात. रंग पुढच्या वर्षीही देता येतो. गोष्टीची पुस्तकं आणि ती मुलांच्या हातात पडतील असा रोजचा एक तास, यांना उशीर परवडत नाही.

टीव्हीला आमचा विरोध नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचं. त्यांच्या कामाचा गाभा पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड हा होता. मुलाच्या हातात आधीच असलेल्या पुस्तकाला त्यांनी आवाज आणि चित्र जोडलं. तुमच्या शाळेत टीव्ही कोणत्या इयत्तेचा कोणता धडा दाखवणार हे आधी ठरलं असेल, तर जरूर घ्या.

९. जिल्ह्याला वरची श्रेणी मिळाली असं पेपरात येतं. मग आमच्या मुलाला भागाकार का येत नाही?

केंद्र जिल्ह्यांसाठी कामगिरी श्रेणी निर्देशांक काढतं. तो ६०० गुणांचा आहे. त्यातले २९० गुण निष्पत्तीचे, बाकीचे वर्गातलं अध्यापन, सुविधा, सुरक्षितता, डिजिटल शिक्षण आणि प्रशासन यांचे. म्हणजे अर्ध्याहून अधिक गुण मुलाला काय येतं याच्या थेट मोजणीबाहेरचे आहेत. शिवाय जिल्ह्याची श्रेणी ही सगळ्या शाळांची मिळून असते. सरासरीची अडचण प्रश्न ७ मध्ये सांगितली आहे, तीच इथे जिल्ह्याच्या पातळीवर दिसते. श्रेणी चांगली आली तर आनंद माना, आणि भागाकाराचं शिक्षकांना विचारा.

१०. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मुलगा मराठी शाळेत आहे. चाचणीत मागे दिसतो. तो खरंच मागे आहे का?

असेलच असं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगार घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेकडे कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू. सोलापुरात हा प्रश्न अपवादाचा नाही, रोजचा आहे.

ओळखायचं असं: त्याला घरच्या भाषेत तोंडी हिशोब घाला. पन्नासची नोट, सतरा रुपयांची वस्तू, परत किती? उत्तर बरोबर आलं तर गणित येतंय, मराठीतला प्रश्न अडतोय. घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगता आली तर आकलन आहे. ही दोन निरीक्षणं शिक्षकांना जरूर सांगा, कारण भाषेची अडचण आणि विषयाची अडचण यांवरचा उपाय वेगळा असतो. भाषेत अडणाऱ्या मुलाला बोलण्याची, ऐकण्याची संधी जास्त हवी, पुन्हा बाराखडी गिरवायला लावून उपयोग नाही.

वाचनाचा वेगही सगळ्या भाषांना एकसारखा लावता येत नाही. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये पायाभूत अध्ययन अभ्यास, म्हणजे तिसरीच्या मुलांच्या वाचन-गणिताचं देशपातळीवरचं सर्वेक्षण, २० भाषांमध्ये करण्यात आलं. नवं धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस करतं. समितीने आपल्या आराखड्यात घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांची संख्या लिहावी. ती लिहिल्याशिवाय द्विभाषिक पुस्तकं किंवा मदतनीस मागायला आधारच राहत नाही.

११. ऊसतोडीच्या हंगामात काही मुलं जातात, काही येतात. त्यांची प्रगती कोणी मोजायची?

जिथे मूल असेल तिथल्या शाळेने. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. कागदपत्रं नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात कारखाने पुष्कळ. गाळप सुरू झालं की फडाजवळ कोप्या, म्हणजे तोड कामगारांच्या झोपड्या, पडतात आणि त्यांत शाळेच्या वयाची मुलं असतात. गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळायला हवं, म्हणजे इथली शाळा त्याला लगेच बसवून घेऊ शकते. आई-वडील तोडीला गेल्यावर गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय करता येते, त्याची मागणी समितीने हंगामाआधी करावी. मूल सलग महिनाभर गैरहजर राहिलं तर ते शाळाबाह्य धरलं जातं, मग नाव पटावर असो वा नसो.

इथे आढाव्याची मोठी फट आहे. सप्टेंबरअखेर मूल गावच्या पटावर असतं, डिसेंबरमध्ये चाचणी होते तेव्हा ते फडात असतं आणि पट्टा पडून (हंगाम संपून) परत येईपर्यंत परीक्षा तोंडावर येते. तिन्ही वेळा कागद बरोबर, आणि मूल कुठेच मोजलं जात नाही. तुमच्या गावाच्या शिवारात कोप्या असतील तर केंद्रप्रमुखांना फोन करा. मुकादमाशी बोलून मुलांना शाळेपर्यंत आणणारे शिक्षक या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या कामाची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही. ती व्हायला हवी.

१२. आषाढीत पंढरपुरातल्या शाळा बऱ्याच दिवस बंद असतात. मग वर्ष भरतं का?

कायदा पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास मागतो. वारीतले दिवस इतर सुट्ट्यांशी जुळवून हे भरता येतं. मुख्याध्यापकांकडे वर्षाचं वेळापत्रक असतं, ते बघा.

१३. आता पाचवीत नापास करतात म्हणे. हाही आढाव्याचाच भाग का?

२०१९ मध्ये कायदा बदलला आणि राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. वार्षिक परीक्षेत कमी पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते. त्यातही कमी पडला तर त्याच वर्गात बसतो. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही. बाकीच्या इयत्तांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालूच आहे. पाचवीच्या एप्रिलमध्ये धावपळ करण्यापेक्षा तिसरीतच प्रश्न ५ मधली तपासणी केलेली बरी.

१४. पट कमी झाला की शिक्षक जातो. मग आकडा थोडा जास्त दाखवला तर बिघडलं कुठे?

संचमान्यता, म्हणजे शाळेतल्या शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटावर होते आणि शिक्षक जाण्याची भीती खरी आहे. तरी आकडा फुगवू नका. खोट्या पटामुळे गैरहजेरी वाढलेली दिसते, पोषण आहाराचा हिशोब बिघडतो आणि खरी गरज मागताना तुमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

खरं कारण लिहा. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यातली १५ हजार घरं कामगारांना दिली गेली. वस्ती अशी हलते तेव्हा शहरातल्या शाळेचा पट घटण्यात शिक्षकांचा दोष नसतो आणि नव्या वस्तीजवळ शाळेची गरज वाढते. पुढच्या तीन वर्षांच्या पटाचा अंदाज आराखड्यात मागतात तो यासाठीच.

१५. कागदावर स्वच्छतागृह चालू आहे, प्रत्यक्षात कुलूप आहे. कुठे सांगायचं?

आधी समितीच्या बैठकीत, इतिवृत्तात नोंद करून. त्याने काम झालं नाही तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या: गावात जिल्हा परिषद, शहरात महापालिका. तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो, आणि पुढचं अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं. यूडायसमध्ये काय भरलं होतं ते हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तारीख दिसणारा फोटो जोडला तर चर्चा लवकर संपते.

१६. आमची मुलं खाजगी इंग्रजी शाळेत किंवा संस्थेच्या अनुदानित शाळेत आहेत. यातलं आम्हाला काय लागू होतं?

यूडायसची नोंद सगळ्या मान्यताप्राप्त शाळांना आहे आणि परखच्या नमुन्यात खाजगी शाळाही येतात. विनाअनुदानित खाजगी शाळेला मात्र कलम २१ ची समिती बंधनकारक नाही. तिथे पालक-शिक्षक संघ हीच जागा.

अनुदानित शाळांबाबत बरेच पालक गोंधळतात. तिथे समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम सल्ल्यापुरतं आहे. अल्पसंख्याक शाळांना, मग त्या भाषिक असोत वा धार्मिक, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर हा कायदाच लागू होत नाही. कलम २२ चा विकास आराखडा करण्याची सक्ती या शाळांच्या समित्यांवर नाही. सोलापुरात भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा बऱ्याच आहेत, तेव्हा आपली शाळा कोणत्या प्रकारात मोडते ते आधी मुख्याध्यापकांकडून लेखी विचारून घ्या. सल्ला देण्यापुरती समिती असली तरी वाचता न येणाऱ्या मुलांची यादी मागता येते. ती मागितल्याची आणि मिळालेल्या उत्तराची नोंद त्या बैठकीच्या इतिवृत्तात करून घ्या.